इस्पितळाचे नाटक

दिनांक १२ जानेवारी १९२४ च्या रात्री पुण्याच्या ससून इस्पितळात एक शस्त्रक्रिया झाली. रोगी येरवड्याच्या तुरुंगातून आणलेला कैदी होता आणि त्याचे नाव मोहनदास करमचंद गांधी असे होते. आंत्रपुच्छाला सूज आली होती. मुंबईहून परिचयाचे डॉक्टर येईपर्यंत थांबण्याइतका अवधी नव्हता. शस्त्रक्रिया करणारे कर्नल मॅडॉक हे इंग्रज आणि सरकारी नोकर. हा कैदी त्यांच्या सुरीखाली दगावला असता तर देशात काय झाले असते, याची कल्पना त्यांना पुरेपूर होती. म्हणून रोग्याची लेखी संमती घेण्यात आली, श्रीनिवास शास्त्री व डॉक्टर फाटक यांना बोलावण्यात आले, आणि गांधींनी कापऱ्या हाताने त्या कागदावर सही केली. शस्त्रक्रिया चालू असतानाच वादळ होऊन विजेचे दिवे गेले. एका परिचारिकेने विजेरी धरली होती, तीही विझली. उरलेले काम कंदिलाच्या उजेडात पुरे करण्यात आले. ५ फेब्रुवारीला सरकारने गांधींची सुटका केली. ती खोली ससूनमध्ये आजही स्मारक म्हणून जपलेली आहे.

नाटककाराला याहून अधिक काय हवे? सत्ता आणि बंदी, शत्रूच्या हाती दिलेला जीव, वादळ, अंधार, आणि त्या अंधारात कंदील धरून उभे असलेले हात. कर्नल मॅडॉक यांचे नाव पुस्तकांत आले. कंदील कोणी धरला हे विचारण्याची कोणाला गरज वाटली नाही. आम्ही गेली तीस वर्षे जी माणसे संघटित करीत आलो ती बहुतेक कंदील धरणारीच असल्यामुळे, आमचे लक्ष प्रथम तिकडे जाते. हा आमचा धंद्याचा दोष म्हणा!

या मालेसाठी विषय निवडताना आमच्या मनात एक साधा प्रश्न होता. पुण्याच्या रंगभूमीला इस्पितळाने जेवढी माणसे दिली तेवढी क्वचितच दुसऱ्या एखाद्या संस्थेने दिली असतील. मग त्या रंगभूमीवर इस्पितळ का आले नाही?

माणसांची यादी पाहा. डॉक्टर श्रीराम लागू हे बी. जे. मेडिकल कॉलेजचे विद्यार्थी; कान-नाक-घशाचे शल्यविशारद. पुण्यात व्यवसाय केला, पुढे आफ्रिकेत टांगानिकाच्या बाजूला टाबोरा येथे केला, आणि १९६९ मध्ये तो सोडून पूर्ण वेळ नट झाले. पुढच्याच वर्षी ‘नटसम्राट’ आले. डॉक्टर जब्बार पटेल हे त्याच कॉलेजचे, बालरोगतज्ज्ञ, दौंडला दवाखाना चालवणारे. ‘घाशीराम कोतवाल’ त्यांनी बसवले, त्याचा पहिला प्रयोग १६ डिसेंबर १९७२ रोजी भरत नाट्य मंदिरात झाला, आणि त्यात नाना फडणीस झाले डॉक्टर मोहन आगाशे, तेही बी. जे. चेच, मनोविकारांचे प्राध्यापक. ‘महानिर्वाण’ लिहिणारे सतीश आळेकर डॉक्टर नव्हेत, परंतु कितीतरी वर्षे त्याच कॉलेजात जीवरसायन विभागात नोकरीला होते. म्हणजे नट, दिग्दर्शक आणि नाटककार अशी सर्व पथके ससूनच्या आवारातून बाहेर पडली.

आणि त्यांनी लिहिले, बसवले काय? पेशवाई, राजकारण, म्हातारा नट, मेलेल्या माणसाचे क्रियाकर्म. ‘महानिर्वाण’ सुरू होते तेच माणूस मेल्यानंतर. इस्पितळाचा भाग तोपर्यंत संपलेला असतो! जब्बार पटेलांनी १९८२ च्या ‘उंबरठा’ चित्रपटात संस्थेच्या भिंतीआडचे जग फार धारदारपणे दाखवले. अधीक्षक, कमिटीच्या बायका, पैशाचे गोंधळ, कोंडलेली माणसे, सर्व काही त्यात आहे. परंतु ती संस्था निराधार स्त्रियांचा आश्रम होता. ज्या संस्थेत ते स्वतः वाढले ती त्यांनी बाजूला ठेवली. यात आम्ही दोष काढीत नाही. ज्याने दिवसभर रोगी तपासले त्याला रात्री रंगमंचावर पुन्हा रोगी नको असतील, हे समजण्यासारखे आहे. तथापि एवढे एकच कारण असेल असे आम्हाला वाटत नाही.

येथे आम्ही श्रोत्यांना थोडे दूर, इंग्लंडात नेणार आहोत, कारण तेथे जे घडले त्याच्या शेजारी आपले ठेवले म्हणजे गोष्ट उलगडते.

इंग्लंडात इस्पितळावरील दूरचित्रवाणी-नाटके १९५७ पासून आहेत. ‘इमर्जन्सी वॉर्ड टेन’ नावाची मालिका त्या वर्षी सुरू झाली आणि दहा वर्षे चालली. त्यात डॉक्टर देखणे, परिचारिका त्याहून देखण्या, आणि मजूर जवळजवळ नाहीतच. परंतु ६ सप्टेंबर १९८६ रोजी, एका शनिवारी रात्री, बीबीसीवर ‘कॅज्युअल्टी’ नावाची मालिका सुरू झाली. कॅज्युअल्टी म्हणजे इस्पितळाचा अपघात विभाग. जेरेमी ब्रॉक आणि पॉल अनविन या दोन तरुण लेखकांनी ती कल्पना मांडताना आरंभीच एक जाहीरनामा लिहिला होता. त्याचा आशय असा, की १९४८ मध्ये राष्ट्रीय आरोग्यसेवेचे एक स्वप्न जन्माला आले आणि १९८५ मध्ये त्या स्वप्नाच्या चिंध्या झाल्या आहेत. करमणुकीच्या मालिकेचा प्रस्ताव अशा वाक्याने सुरू व्हावा हे आम्हाला फार विलक्षण वाटते. आमच्या युनियनच्या कित्येक पत्रकांची सुरुवात इतकी चांगली नसते.

पहिल्या वर्षीचे पंधरा भाग होते. गाव काल्पनिक, नाव होल्बी. चित्रण ब्रिस्टल शहरात. सर्व कथानक रात्रपाळीचे. ही रात्रपाळी पैशाअभावी बंद होणार, ही टांगती तलवार त्या पंधरा भागांवर आहे. आता पात्रे पाहा. अपघात विभागाचे मुख्य डॉक्टर यूअर्ट प्लिमर हे ती पाळी टिकवण्यासाठी व्यवस्थापनाशी भांडत असतात. पण मालिकेचा कणा म्हणजे चार्ली फेअरहेड, आणि तो डॉक्टर नाही, परिचारक आहे. ब्रिस्टलच्या रॉयल इन्फर्मरीत पीट सॉल्ट नावाचे परिचारक होते, त्यांच्यावरून हे पात्र घेतले, आणि त्यांनाच वैद्यकीय सल्लागार नेमले. डेरेक थॉम्पसन या नटाने हे काम १९८६ पासून २०२४ पर्यंत केले. शिवाय मेगन नावाची आयरिश परिचारिका, क्लाइव्ह हा कृष्णवर्णीय परिचारक, रुग्णवाहिकेवरची दोन माणसे, केसपेपर काढणारी मुलगी, आणि कुबा. कुबा हा पोलंडचा, स्ट्रेचर ढकलणारा हमाल. त्याला नाव आहे, विनोद आहेत, राग आहे. तो दार उघडून बाजूला होण्यासाठी ठेवलेला नाही.

सत्ताधारी हुजूर पक्षाकडून तक्रार आली, की हे नाटक नव्हे, विरोधकांचा प्रचार आहे. तक्रार अगदीच निराधार होती असे आम्ही म्हणणार नाही. १९८२ मध्ये तेथील इस्पितळांतील परिचारिका व कामगार पगारासाठी महिनोन्‌महिने लढले होते, आणि खाण कामगारांनी त्यांना पाठिंबा दिला होता. १९८३ मध्ये सरकारने हुकूम काढला, की इस्पितळातील सफाई, धुलाई व भोजन या कामांसाठी निविदा मागवाव्यात. म्हणजे आपल्याकडे ज्याला ठेकेदारी म्हणतात तीच. ज्यांचे काम ठेक्याने जाणार होते त्यांना त्याच सुमारास नाटकात नावे मिळाली, हा योगायोग नव्हे. पुढे या मालिकेत स्फोट, आगी आणि प्रेमप्रकरणे वाढत गेली, आणि आमच्या मते ती बरीच पातळ झाली. चाळीस वर्षे एकच दुकान चालवायचे म्हटले की असे व्हायचेच. पण पहिल्या वर्षाची ती रात्रपाळी अस्सल होती.

हे त्या दोघा लेखकांना सुचले कसे? आमच्या मते त्याचे मूळ वेल्समधील ट्रेडेगर या खाणींच्या गावात आहे. तेथील खाणकामगारांनी १८९० मध्ये वैद्यकीय मदत संस्था काढली होती. पगाराच्या दर पौंडामागे तीन पेन्स वर्गणी, आणि त्या बदल्यात डॉक्टर, औषध, इस्पितळ. त्या गावात १८९७ मध्ये अन्यूरिन बेव्हनचा जन्म झाला. तेराव्या वर्षी शाळा सुटून तो खाणीत उतरला. पुढचे शिक्षण त्याने कामगारांच्या वाचनालयात केले, आणि अशा शिक्षणाची किंमत ज्याने ते घेतले आहे त्यालाच कळते. १९४५ मध्ये हा माणूस ब्रिटनचा आरोग्यमंत्री झाला. ट्रेडेगरने जे आपल्यापुरते केले तेच साऱ्या देशाला लागू करायचे, असा त्याचा विचार होता. ५ जुलै १९४८ रोजी राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली. लॉर्ड असो की हमाल, डॉक्टरकडे जाताना खिसा चाचपायचा नाही. १९५१ मध्ये कवळ्या आणि चष्म्यांवर आकार बसवायचे ठरले तेव्हा बेव्हनने मंत्रिपद सोडले.

याच ट्रेडेगरमध्ये १९२० च्या दशकात ए. जे. क्रोनिन हे डॉक्टर नोकरीस होते. त्यांची ‘द सिटाडेल’ ही कादंबरी १९३७ मध्ये निघाली. कामगारांच्या कमिटीबद्दल त्यांनी सगळे गोड लिहिलेले नाही. कमिट्यांचा अनुभव असलेल्या कोणासही ते पटेल. ती कादंबरी आपल्याकडेही पोचली. १९७१ मध्ये विजय आनंद यांनी तिच्यावरून ‘तेरे मेरे सपने’ हा चित्रपट काढला आणि देव आनंद खाणीच्या गावचा डॉक्टर झाला. कथा आली, वर्गणी मात्र वेल्समध्येच राहिली.

आता आपल्याकडे वळू. १९४८ हे साल आपल्यालाही लागू आहे, पण आधी १९४६ पाहिले पाहिजे. त्या वर्षी सर जोसेफ भोर यांच्या समितीने हिंदुस्थानच्या आरोग्याविषयीचा आपला अहवाल दिला. भोर हे नाशिकला जन्मलेले, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेले. त्यांच्या समितीचे पहिले तत्त्व असे, की पैसे नाहीत म्हणून कोणालाही उपचार नाकारले जाऊ नयेत. बेव्हनचे म्हणणे तरी याहून वेगळे काय होते? ब्रिटनमध्ये ते दोन वर्षांत अमलात आले. आपल्याकडे प्राध्यापक अदारकर यांनी १९४४ मध्ये कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना दिली होती, तिच्यावरून एप्रिल १९४८ मध्ये कर्मचारी राज्य विमा कायदा झाला. म्हणजे ब्रिटिश आरोग्यसेवेच्या आधी जेमतेम तीन महिने! परंतु तो साऱ्या जनतेसाठी नव्हता. कारखान्यातील कामगार, तोही मासिक चारशे रुपयांपर्यंत पगार असलेला, एवढ्यांपुरताच. २४ फेब्रुवारी १९५२ रोजी पंडित नेहरूंनी कानपूरला योजनेचे उद्घाटन केले आणि १९५४ मध्ये ती मुंबईस आली. पगाराची मर्यादा वाढत वाढत २०१७ मध्ये एकवीस हजारांवर गेली. चिंचवडला मोहननगरात आणि बिबवेवाडीला तिची इस्पितळे उभी राहिली.

या कायद्याचे मोल आम्ही कमी लेखत नाही. प्रेसमध्ये बोटे गेलेल्या माणसाला पगाराचा काही भाग घरबसल्या मिळतो, बाळंतिणीला रजेचे पैसे मिळतात, मेलेल्याच्या विधवेला पेन्शन मिळते. हे हक्क झगडून टिकवावे लागले आहेत. पण एक परिणाम झाला, त्याकडे कोणी पाहिले नाही. इस्पितळे माणसांप्रमाणे वाटली गेली. कामगाराला विम्याचे. गरिबाला ससून. सरकारी अधिकाऱ्याला त्याची वेगळी सोय. आणि ज्याच्या हातात लेखणी आहे त्याला खाजगी रुग्णालय. धर्मादाय रुग्णालयांत गरिबांसाठी शेकडा दहा खाटा विनामूल्य व दहा सवलतीच्या असाव्यात, अशी योजना मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये घालून दिली. ती किती ठिकाणी पाळली जाते हे त्या खाटांची चौकशी करणाऱ्याला विचारावे.

ब्रॉक आणि अनविन यांना आपल्या विषयासाठी कोठे जावे लागले नाही. त्यांना स्वतःला ताप आला तरी त्याच बाकावर बसायचे होते, ज्यावर कुबाची आई बसणार. आपल्या नाटककाराला ते बाक दिसतच नाही. तो वरच्या मजल्यावर, वेगळ्या खोलीत असतो. आणि ससूनमधले आपले डॉक्टर-कलावंत ते बाक रोज पाहत होते खरे, पण त्यांचा प्रेक्षक त्यावर कधी बसलेला नव्हता. ज्या प्रेक्षकाला तिकीटखिडकीपाशी मान द्यायचा, त्याला त्याने न पाहिलेले इस्पितळ कसे दाखवणार?

पूर्वी हे अंतर इतके नव्हते, हेही सांगितले पाहिजे. डेव्हिड ससून यांच्या देणगीतून १८६७ मध्ये उघडलेल्या त्या इस्पितळात गांधींवर उपचार झाले, आणि १९०९ मध्ये रमाबाई रानडे यांनी पुण्यात सेवासदन काढल्यावर थोड्याच वर्षांत पांढरपेशा घरांतील विधवा तेथे परिचर्या शिकू लागल्या. परक्या पुरुषांची शुश्रूषा करणाऱ्या म्हणून त्यांची टवाळी झाली. रमाबाईंना ती सहन करावी लागली. परंतु टवाळी करायलासुद्धा इस्पितळ डोळ्यांसमोर असावे लागते.

रात्रीच्या इस्पितळाचा अनुभव आम्हाला आमच्या कामाने दिला. काही वर्षांपूर्वी एका शॉपमधल्या पोराचा पंजा प्रेसखाली सापडला. रात्री दोनचा सुमार. फडक्यात हात गुंडाळून त्याला आम्ही रिक्षातून नेले. प्रथम पाहिले ते वॉर्डबॉयने. त्याने फडके सोडले नाही, हात वर धरायला लावला, तुटलेली बोटे आणली आहेत का म्हणून विचारले, आणि ती स्वच्छ कपड्यात, पिशवीत घालून, पिशवी बर्फावर ठेवायची, बोटे बर्फाला चिकटवायची नाहीत, हे भराभर सांगून एकाला बर्फासाठी पळवले. डॉक्टर आले ते नंतर, आणि त्यांनीही चांगले काम केले. त्या वॉर्डबॉयची नेमणूक ठेकेदारामार्फत होती. त्याला विम्याचे कार्ड नव्हते.

मराठीत या दिशेने गेलेली एक कृती आहे, आणि तिच्याविषयी आम्हाला आदर वाटतो. संदीप सावंत यांचा २००४ चा ‘श्वास’. पुण्यात घडलेल्या एका सत्य घटनेवर, माधवी घारपुरे यांच्या कथेवरून तो केला आहे. कोकणातला म्हातारा नातवाला घेऊन शहरात येतो. मुलाच्या डोळ्यांत कर्करोग. जीव वाचवायचा तर डोळे जाणार. अरुण नलावडे यांनी आजोबा केले आणि अश्विन चितळे या मुलाने परशुराम. पण आमचे लक्ष जाते ते अमृता सुभाष यांनी केलेल्या आसावरीकडे. ती डॉक्टर नाही, इस्पितळातली समाजसेविका आहे. डॉक्टरांची भाषा आजोबांना आणि आजोबांची भाषा डॉक्टरांना कळवणे हे तिचे काम. मुलाला शस्त्रक्रियेपूर्वी खरे सांगायचे की नाही आणि सांगायचे कोणी, या प्रश्नावर सारा चित्रपट उभा आहे. शस्त्रक्रिया पुढे ढकलली जाते तेव्हा आजोबा पोराला इस्पितळाबाहेर नेतात, डोळे आहेत तोवर जग दाखवून आणतात, आणि इकडे सर्वांची धावपळ उडते. इस्पितळाचा नियम आणि म्हाताऱ्याचा निर्णय दोन्ही बरोबर, हे ज्या कृतीला दाखवता आले ती मोठी कृती. ‘श्यामची आई’नंतर पन्नास वर्षांनी राष्ट्रपतींचे सुवर्णकमळ मराठीकडे आले ते या चित्रपटामुळे. तो ऑस्करला पाठवायचे ठरले तेव्हा खर्चासाठी लोकांनी वर्गणी दिली, शाळेच्या पोरांनीसुद्धा!

दूरचित्रवाणीवर विजया मेहता यांनी १९९१ मध्ये ‘लाइफलाइन’ ही इस्पितळावरची मालिका केली, ती हिंदीत. अलीकडे २०२१ मध्ये ‘मुंबई डायरीज’ ही हिंदी मालिका आली. तिच्या मागे २६ नोव्हेंबर २००८ ची कामा इस्पितळाची रात्र आहे. त्या रात्री अंजली कुलथे या परिचारिकेने वीस गरोदर बायकांना एका खोलीत नेऊन दिवे मालवले, त्यांतील एकीला कळा सुरू झाल्यावर भिंतीच्या आडाने प्रसूतिकक्षात पोचवले, आणि पुढे न्यायालयात कसाबला ओळखले. इस्पितळाचे दोन रखवालदार त्या रात्री मारले गेले. मालिकेत गोळीबार फार आहे. आम्हाला त्यातला तो दिवे मालवलेला वॉर्ड अधिक वेळ हवा होता.

पुण्यात मात्र सगळे शहर एकाच बाकावर बसल्याचे आम्ही एकदा पाहिले आहे. ऑगस्ट २००९. स्वाइन फ्लूचा देशातला पहिला मृत्यू ३ तारखेला पुण्यात झाला, आणि तपासणीसाठी महापालिकेच्या नायडू रुग्णालयासमोर रांगा लागल्या. पैसे मोजून दुसरीकडे जाण्याची सोय पहिल्या दिवसांत नव्हती. तोंडाला रुमाल बांधलेले कोथरूडचे प्राध्यापक, ताडीवाला रोडच्या मोलकरणी, कॅम्पातले व्यापारी, शाळेची मुले, सर्व एका ओळीत पावसात उभे. आमच्या युनियनचे तीन फिटर त्यात होते, आणि त्यांच्यामागे वीसेक माणसे सोडून त्यांच्याच कारखान्याचे मॅनेजर. मॅनेजरसाहेबांनी पुढे येऊन चिठ्ठ्या वाटणाऱ्या शिपायाला आपला हुद्दा सांगून पाहिला. शिपायाने त्यांना चिठ्ठी दिली, रुमाल नाकावर नीट घ्यायला सांगितले, आणि बोट दाखवून परत जागेवर पाठवले.